साखळीचा दिवस

लिटल मार्स्टो, हेरफर्डशर
११ जानेवारी १९९४

क्लेम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू शेगडीत टाकलं नसशील, असं धरून लिहिते. खुशाली विचारायला लिहीत नाही. ती विचारायची असती तर इतकी वर्षं काय माझी शाई वाळली होती? काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. तुझी डोरीन गेल्याचं कळवलंस त्या कार्डावर हाच पत्ता होता. बदलला नसावा.

आपल्या रानातली, डिंगलमधली पायवाट गाव मागतंय. गाव कसलं, जुन्या शाळेत बर्मिंगहॅमहून राहायला आलेली जिलियन टॅपस्कॉट मागतेय आणि गाव तिच्यामागे मान हलवतंय. बाई वाईट नाही. पायात नवे कोरे बूट, गळ्यात दुर्बीण आणि सोबत वेलिंग्टन नावाचा कुत्रा. त्याच्याशी ती इतक्या अदबीने बोलते की कुंपणापलीकडून ऐकताना मला आधी वाटलं, नवरा असेल. पुलाजवळच्या फाटकातून रानात शिरायचं, हेझलच्या झुडपांच्या बेटांमधून खोलगटात उतरायचं, ओकांखालून वर चढायचं आणि आपल्या घराच्या कुंपणाला लागून चर्चकडे जायचं, हा तिचा रोजचा फेरा. मी कधी अडवलं नाही. बाबांनीही कधी कुणाला अडवलं नव्हतं. आता तिने काउंटीकडे अर्ज केलाय की गेली वीस वर्षं लोक न विचारता, न अडता इथून चालत आलेत, तेव्हा ही वाट कायद्याने सगळ्यांची झाली.

कायदा तुला सांगायला नको. इतर मुलं प्रार्थना पाठ करायची तेव्हा बाबांनी आपल्याला हा कायदा पाठ करायला लावला होता. वाट हातची जाऊ नये म्हणून मालकाने वर्षातून एक दिवस फाटकाला साखळी घालायची. बाबा लेंटचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, पॅनकेकच्या मंगळवारी घालायचे. फेब्रुवारीचा चिखल, गारठा, शिवाय घरोघरी तवे तापलेले, त्यामुळे कुणाची अडचण व्हायची नाही. “बाकीचे दिवस खुशाल या. एक दिवस कळू द्या, घर कुणाचं आहे,” असं म्हणायचे.

मीही दरवर्षी साखळी घालत आले. एकदाही चुकवलं नाही. दिवस फक्त बदलला. मी ख्रिसमसला घालते. त्याला कारण होतं, पण ते इथे महत्त्वाचं नाही. काउंटीचा माणूस म्हणतो, “मिस प्रोबर्ट, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण बंद फाटक कुणीतरी पाहिलेलं हवं.” आता ख्रिसमसच्या दिवशी डिंगलमध्ये कोण कडमडणार? ज्या दिवशी कुणाला त्रास नाही तो दिवस निवडला, आणि आता तोच माझ्या अंगावर आलाय.

तेव्हा एवढंच कर. बाबा साखळी घालायचे, ही चाल घरात जुनी आहे, असं दोन ओळींत लिहून सही करून पाठव. मला वाट बळकावून बसायची नाही. पण मे महिन्यात खोलगट निळं होतं तेव्हा दोन आठवडे ‘इकडून नको, तिकडून जा’ म्हणायचा हक्क मला हवा आहे. ब्लूबेलचं पान एकदा पायाखाली चिरडलं की त्याचा जमिनीतला कांदा कित्येक वर्षं धड फुलत नाही. वाट सगळ्यांची झाली की मी कुणाला काय सांगणार?

ओक अजून उभे आहेत, तुझ्या माहितीसाठी. पलीकडच्या टेकडीवर तुझ्या लाडक्या वनखात्याने लावलेले फर वृक्ष मागच्या वर्षी एका झटक्यात कापून नेले. न्हावी अर्ध्यात उठून गेल्यासारखी दिसते ती टेकडी.

हेस्टर प्रोबर्ट


२८ जानेवारी

क्लेम,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी तीन ओळी. कागद महाग झालाय का लोस्टॉफ्टमध्ये?

त्या तिन्ही ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. “बाबा मंगळवारी साखळी घालत. तू ख्रिसमसला घालतेस हे मला माहीत आहे. मी पाहिली आहे.”

कुठून पाहिलीस? समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून, देशाच्या त्या टोकाकडून? थट्टा करत असशील तर वेळ चुकली. सुनावणी एप्रिलमध्ये आहे आणि माझी बाजू इतकी लंगडी आहे की काल मी इव्हर ग्विलियमकडे गेले होते. तो अजून आहे, दात तेवढे गेले. त्याचं शेत फाटकासमोरच. म्हटलं, याने तरी कधी पाहिलं असेल.

“ख्रिसमसला?” इव्हर म्हणाला. “अगं, ख्रिसमसला मी खुर्चीतून उठून कपाटापर्यंत गेलो तरी आमची ही टाळ्या वाजवायची.”

“म्हणजे कधीच पाहिलं नाहीस?”

“पाहिलं म्हणून सांगतो की. तुझ्यासाठी खोटं बोलायला मला कसली लाज? पण ती टॅपस्कॉटबाई मला विचारेल, साखळी कुठल्या खांबाला होती, डाव्या की उजव्या. मग मी काय सांगू?”

“डाव्या.”

“बघ, मी उजव्या म्हणणार होतो.”

असा माझा साक्षीदार. तेव्हा तू खरंच पाहिली असशील तर कधी, कसं, ते नीट लिही. तुझ्या एका सहीने हे सगळं मिटेल. तुला डिंगलचं काही पडलेलं नाही हे मला माहीत आहे; पण खरं सांगायला प्रेम लागत नाही.

हेझल तोडायला घेतलंय. यंदा ओढ्याकडची बेटं, बुंध्याशी. जिलियन टॅपस्कॉट खुंट बघून जवळजवळ रडली. म्हणाली, “तुम्ही रान मारून टाकलंत!” मी तिला पलीकडचं, तीन वर्षांपूर्वी तोडलेलं बेट दाखवलं. माझ्या डोक्याच्या वर गेलेत त्याचे फुटवे. मग तिने वेलिंग्टनला सांगितलं, “आपण घाई केली हं.” त्याने शेपूट हलवली. दोघांत समजूतदार तोच आहे.

हेस्टर


१५ फेब्रुवारी, पॅनकेकचा मंगळवार

क्लेम,

तुझं लांब पत्र शनिवारी आलं. आज लिहायला बसतेय. मधले दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. दोनदा चहा उतू गेला आणि एकदा चर्चमध्ये दुसऱ्याच गाण्याला उठून उभी राहिले.

मला समजलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांग. डोरीन गेली त्या वर्षीच्या ख्रिसमसला तू पहाटेच मासळीची व्हॅन काढून निघालास. ती गेल्याच्या कार्डाला मी पाठवलेलं उत्तर तुझ्या खिशात होतं. “वाईट वाटलं. काळजी घे.” एवढंच होतं त्यात, आणि मला आठवतंय, ते लिहिताना मी तीन कागद फाडले होते. रस्त्याने सरळ घरी येता आलं असतं. पण तू व्हॅन पुलापाशी थांबवलीस, कारण घर सोडून जाताना तू त्याच फाटकाशी म्हणाला होतास, “मी पुन्हा इथून आत पाऊल टाकणार नाही.” बोललेलं परत घ्यायचं तर जिथे बोललो तिथेच, असा तुझा हिशेब. बाबांचाच मुलगा तू.

आणि फाटकाला साखळी होती.

साखळीचा दिवस पॅनकेकचा मंगळवार, हे तुझ्या हाडात होतं. ख्रिसमसला साखळी म्हणजे दुसरं काय समजायचं माणसाने? त्यात खोलगटातल्या झोपडीतून धूर वर येताना दिसला. म्हणजे मी आत होते, जागी होते, आणि आतून बंद करून बसले होते. तू लिहिलंयस, “मी ‘हेटी’ म्हणून हाक मारणार होतो. मग वाटलं, हिने उत्तर दिलं नाही तर?”

क्लेम, मी हाकेच्या अंतरावर होते. मी त्या झोपडीत लाकडाच्या ओंडक्यावर बसून गार मांस खात होते.

आता ते कारण सांगते, जे महत्त्वाचं नाही म्हणून मी जानेवारीत टाळलं. बाबा गेले, तू गेलास, आणि ख्रिसमसचा दिवस माझ्याच्याने घरात संपेना. तीन माणसांच्या टेबलावर एकटीने बसायचं, रेडिओवर राणीचं भाषण लागेपर्यंत घड्याळाकडे बघायचं. त्या दिवशी मला काहीतरी काम हवं होतं, चर्च झाल्यावर घराबाहेर पडायला एखादं निमित्त. म्हणून मी साखळीचा दिवस ख्रिसमसला आणला. सकाळी साखळी घालायची, झोपडीत शेकोटी करायची, अंधार पडायला लागला की साखळी काढून घरी यायचं. गावाला सांगायला बरं पडायचं की हेस्टरला रानात काम असतं.

तू नव्हतास म्हणून मी तो दिवस बदलला. आणि बदललेला दिवस बघून तू परत गेलास. मी हसावं की रडावं तेच कळेना. शनिवारी संध्याकाळी मी दोन्ही केलं, तव्यावरचं ऑम्लेट जळेपर्यंत.

त्या ओकांपायी आपण भांडलो. तू म्हणायचास, सगळं तोडून फर लावू, वीस वर्षांत लाकूड हातात येईल. मी म्हणायची, माझ्या डोळ्यांदेखत नाही. बाबांनी रान माझ्या नावावर केलं आणि तुला वाटलं, ओक जिंकले नि तू हरलास. मी अजूनही तेच म्हणेन, ओक तोडू दिले नसते. पण तुझ्यासाठी फाटक बंद करावं असं माझ्या मनात एक दिवससुद्धा आलं नाही. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, आणि त्यासाठी तू तोंड दाखवायला हवं होतंस.

आणखी एक. तू लिहिलंयस, “मासे खांबाला टांगून निघालो.” कुठले मासे?

हेस्टर


२ मार्च

क्लेम,

मासे सापडले. म्हणजे मासे गेले, चोर सापडला.

त्या वर्षी संध्याकाळी साखळी काढायला गेले तेव्हा खांबावर दोरीत ओवलेले, धुरावर सुकवलेले हेरिंग लटकत होते. आता आमच्या या भागात ख्रिसमसला हेरिंग कोण टांगतो? समोर इव्हरचं शेत. मला वाटलं, शेजारधर्म. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याचे आभार मानले आणि वर डॅमसन प्लमचा मुरंबा दिला. तेव्हापासून दर ख्रिसमसला मी इव्हरला डॅमसनच्या मुरंब्याची बरणी देत आलेय. न चुकता!

काल त्याला गोठ्यात गाठलं.

“इव्हर, ते हेरिंग तू टांगले होतेस?”

“कुठले हेरिंग?”

“ज्यांच्याबद्दल तू माझा मुरंबा खातोयस.”

त्याने गाईच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाला, “हे बघ हेस्टर, तू दारात येऊन म्हणालीस, ‘थँक्यू इव्हर.’ माणूस थँक्यू म्हणतोय तर त्याला नाही कशाला म्हणा? मला वाटलं, कशाबद्दल तरी असेल.”

“आणि इतकी वर्षं विचारावंसं वाटलं नाही?”

“विचारलं असतं तर बरण्या थांबल्या असत्या.”

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. मी त्याला गावभर ऐकू जातील अशा चार गोष्टी सुनावल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि शेवटी टोपी काढली. “क्लेमंटचे होते होय? चांगला पोरगा होता. झाडावर चढायला भित्रा, पण चांगला.” हे तुला कळवावं असं त्याने सांगितलं नाही, तरी मी कळवतेय.

हेरिंग चवीला छान होते. मी ते सगळे एकटीने खाल्ले. कुणी पाठवलेत हे माहीत असतं तर मला एकही गिळता आला नसता.

तुझा साक्षीचा कागदही कालच मिळाला. तारीख, वार, डाव्या खांबाची साखळी, धूर, सगळं. खाली सही. आणि वेगळ्या चिठ्ठीवर एकच शब्द, “वापर.” काउंटीच्या माणसाला फोनवर वाचून दाखवला तर तो म्हणाला, “मिस प्रोबर्ट, असा साक्षीदार मिळणं म्हणजे तुमचं नशीब. प्रकरण संपल्यात जमा आहे.”

नशीब म्हणाला तो. मी फोन ठेवला आणि खिडकीतून बराच वेळ रूक जातीच्या कावळ्यांची घरटी बघत बसले. ओकांच्या शेंड्याला काड्या आणून लावतायत, एकमेकांच्या चोरतायत, शिव्या देतायत.

हेस्टर


२४ एप्रिल

क्लेम,

सुनावणी मंगळवारी झाली, गावच्या सभागृहात. गर्दी खूप, कारण केक फुकट होता. मी कोटाच्या खिशात तुझा कागद घेऊन गेले होते. जिलियन टॅपस्कॉटने आपली चार पानं काढून समोर ठेवली होती, आणि वेलिंग्टनला दाराशी बसवून सांगितलं होतं, “आपण मध्ये बोलायचं नाही.”

काउंटीच्या माणसाने मला विचारलं, “या वीस वर्षांत वाट कधी बंद होती, आणि ती बंद असल्याचं कुणी पाहिलं, असा पुरावा आपल्याकडे आहे ना?” त्याला माहीत होतं, आहे. तो माझ्या खिशाकडेच बघत होता.

मी उठले. हात खिशात घातला. कागद हाताला लागला.

त्या कागदावर काय होतं, क्लेम? एक माणूस, बायको नुकतीच गेलेली, सणाच्या दिवशी देश ओलांडून बहिणीच्या फाटकाशी येतो, साखळी बघतो आणि परत जातो. तो मी त्या केकच्या टेबलावर ठेवायचा. काउंटीच्या माणसाने त्यावर शिक्का मारायचा. म्हणजे कागदोपत्री कायमचं ठरलं असतं की ते फाटक बंद होतं, चांगलं बंद होतं, आणि त्याने आपलं काम चोख केलं. तू परत गेलास म्हणून मी जिंकले असते. माझ्याच्याने ते होईना.

आणि जिंकून मिळणार काय होतं? दरवर्षी एक दिवस साखळी घालायचा हक्क.

मी म्हटलं, “हरकत मागे घेते. वाट देतेय. वीस वर्षं झाली म्हणून नाही, मला द्यायची आहे म्हणून, असं लिहून घ्या.”

काउंटीच्या माणसाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मागून इव्हरचा आवाज आला, “हिला चहा द्या कुणीतरी, हिचं डोकं फिरलंय.” आणि जिलियन टॅपस्कॉट माझ्याकडे बघत जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाली, “पण मी चार पानं लिहून आणली होती!”

“मग वाचा,” मी म्हटलं. “आम्ही बसलोय.”

तिने खरंच वाचली. चांगली होती. दुसऱ्या पानावर खोलगटातल्या फुलांबद्दल असं काही होतं की मला मान खाली घालावी लागली. या बाईला मी वर्षभर शत्रू समजत होते. बुधवारी सकाळी ती आणि इव्हर दोघं रानात हजर. हिवाळ्यात तोडलेल्या हेझलच्या काठ्या रोवून, मध्ये फांद्या विणून खोलगटातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढं कुंपण केलंय. माणसाला हवं तर सहज ओलांडता येईल, पण ओलांडायला लाज वाटेल, एवढंच. इव्हर म्हणतो, इंग्रज माणसाला याहून उंच भिंत लागत नाही. तरी काही फुलं जातील. शनिवारी ओळखीचा एक झुपका तुडवलेला दिसला आणि माझा जीव तुटला. आता ते रोजचंच होणार.

साखळी ओढ्यात फेकणार होते. पण लोखंड चांगलं. इव्हरच्या बैलाला दिली.

कायदा पुन्हा एकदा सांगते, या वेळी नवा. ती वाट आता राणीची, म्हणजे सगळ्यांची. पुलाजवळच्या फाटकाला कुणी साखळी घातली तर तो गुन्हा, मी घातली तरी. पॅनकेकच्या मंगळवारी, ख्रिसमसला, कधीही. मी मेले आणि हे घर दुसऱ्या कुणाचं झालं तरीही. तुला त्या फाटकातून यायचं असेल तर माझी परवानगी लागत नाही, आणि मला ती नाकारताही येत नाही. त्या फाटकाशी तू काय बोलला होतास ते तू आणि फाटक बघून घ्या.

खोलगट निळं व्हायला लागलंय. ओकांना पालवी फुटायच्या आधीचे हे थोडे दिवस, ऊन थेट जमिनीपर्यंत उतरतं, तुला आठवत असेल. वाटेवरून सरळ वर आलास की उजव्या हाताला घर. घराचं दार मात्र अजून माझं आहे, त्याच्यावर काउंटीचं काही चालत नाही. ते मी उघडं ठेवलंय.

येताना हेरिंग आण. फाटकाला टांगू नकोस, इव्हर टपून बसलाय.

तुझी,
हेटी